वय वाढलं की काय मिळतं, काय जातं? साठीनंतर वऱ्हाडातल्या ज्येष्ठांनी हातात ठेवायच्या गोष्टी

अमरावती/अकोला : "साठी, बुद्धी नाठी" असं गावात सहज बोललं जातं. पण त्याच गावात धुऱ्याचं भांडण पेटलं की सत्तरीतल्या आबाजीला बोलावणं जातं. नाल्याचा जुना काठ कुठं होता अन् पांदण किती रुंद होती, हे त्यांनाच ठाऊक असतं. मग आबाजीही ऐकवतात, "हे केस काय उन्हानं पांढरे झाले?"

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वय वाढलं की काही जातं, काही मिळतं. फरक एवढाच, की तोटे न बोलावता घरी येतात. फायदे मात्र मागावे लागतात, त्यासाठी कागद जमवावे लागतात, वेळेवर सही करावी लागते आणि कधी कधी सही न करण्याचं धाडसही लागतं.

हा विषय थोड्या घरांचा नाही. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून जास्त लोक होते आणि त्यातले ७ कोटींहून जास्त खेड्यात राहत होते. देशात त्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. पोट्टे पुण्या-मुंबईला कामाला गेले अन् वाड्यात फक्त बुढा-बुढी उरले, अशी घरं आता प्रत्येक गावात दिसतात.

आधी फायद्याची बाजू

वयानं मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे अनुभव. कोणत्या वावरात पाणी साचतं, कोणती विहीर मार्चमध्ये आटते, कोणत्या जमिनीत तूर उबळते, हे कुठल्याही ॲपवर सापडत नाही. सोयाबीन येण्याआधीची ज्वारी, मूग, उडीद आणि कपाशीची फेरपालट ज्यांनी स्वतः केली, ते लोक आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्याकडून ते विचारून घेण्याची वेळ आताच आहे.

या अनुभवालाही मर्यादा आहे. मिरुग लागला की पेरायचं, हा जुना हिशेब आता दरवर्षी जुळत नाही. पाऊस खंड देतो आणि दुबार पेरणीची पाळी येते. म्हणून जमिनीची माहिती बुढ्याची आणि पावसाचा अंदाज मोबाईलवरचा, अशी जोडी जमली तर घराचं नुकसान टळतं. दोघांनी एकमेकांचं ऐकायला मात्र पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे मनाचा शांतपणा. अमेरिकेत तीन लाखांहून जास्त लोकांची पाहणी झाली होती, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. पन्नाशीनंतर माणसाचा राग आणि ताण कमी होत जातो, असं त्यात दिसलं. आपल्याकडेही तरुणपणी वितभर बांधासाठी कोर्टात गेलेला माणूस सत्तरीत "जाऊ दे ना बापू" म्हणतो. पण ज्याला महिन्याच्या गोळ्यांची चिंता आहे, त्याला हा शांतपणा आपोआप मिळत नाही. त्यासाठी खिशात थोडे पैसे आणि घरात थोडी किंमत लागते.

शरीर काय मागतं?

वऱ्हाडात म्हातारपणाचा पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अमरावतीही फार मागे नसते. वय वाढलं की तहान लागल्याची जाणीवच कमी होते आणि घामही कमी येतो. म्हणजे अंगातलं पाणी संपत येतं तरी माणूस म्हणतो, "मले नाही तहान लागली." बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्यात पाणी आणखी कमी होतं. म्हणून उन्हाळ्यात तहानेची वाट न पाहता तासा-दीड तासानं पाणी किंवा ताक घ्यावं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं अन् मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. अंग तापलं, घाम थांबला आणि माणूस बरळायला लागला, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी १०८ वर फोन लावावा आणि गाडी येईस्तोवर अंग ओल्या कपड्यानं पुसत राहावं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांत बोअरचं पाणी खारट लागतं. डॉक्टर बीपीच्या पेशंटला मीठ कमी करायला सांगतात, पण इथं पाण्यातच मीठ. त्यात गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज दुखण्याची गोळी घेऊन खाण्याची सवय. या गोळ्या डॉक्टरला न विचारता महिनोन्महिने घेतल्या तर किडनीवर ताण येतो. या पट्ट्यातल्या साठीपुढच्या माणसानं वर्षातून एकदा तरी बीपी, शुगर, लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं. बीपी-शुगरची तपासणी गावच्या उपकेंद्रात मोफत होते. पिण्यासाठी बोअरऐवजी नळ योजनेचं गोडं पाणी वापरावं.

तिसरा धोका पडण्याचा. न्हाणीतली ओली फरशी, रात्री अंधारात मागच्या दाराला जाणं, घसरणाऱ्या चपला, ही कारणं साधी वाटतात. पण या वयात खुब्याचं हाड मोडलं तर चालता माणूस खाटेला खिळतो. न्हाणीत धरायला एक पाइप, ओसरीत एक छोटा दिवा आणि हातात काठी, एवढ्यानं बरंच टळतं. काठी धरायची लाज वाटते म्हणून पडलेले लोक गावोगावी आहेत.

कान आणि डोळ्यांकडे तर घरातले दुर्लक्षच करतात. ऐकू कमी आलं की माणूस बैठकीत गप्प बसतो आणि लोक समजतात, बुढा भ्रमिष्ट झाला. मोतीबिंदूनं धूसर दिसलं की "वयच झालं" म्हणून सोडून दिलं जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं आणि त्यानंतर माणूस पुन्हा आपापलं काम करू लागतो. वयाच्या नावावर खपवलेलं अर्धं दुखणं बरं होण्यासारखं असतं.

कोणत्या वर्षी काय मिळतं?

सरकारी कागदात म्हातारपण एकदम येत नाही, टप्प्याटप्प्यानं येतं. हे टप्पे माहीत नसल्यानं अनेकांचा हक्क बुडतो.

- ६० वर्षे : राज्याच्या धोरणानुसार माणूस इथून ज्येष्ठ नागरिक. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेसाठी पात्र.

- ६५ वर्षे : एसटीत अर्धं तिकीट. श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये, पण वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा २ लाख.

- ७० वर्षे : आयुष्मान वय वंदना कार्ड. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आणि तिला उत्पन्नाची अट नाही. घराचं आयुष्मान कार्ड आधीच असेल तरी सत्तरीपुढच्यांसाठी हे ५ लाख वेगळे असतात.

- ७५ वर्षे : एसटीचा प्रवास पूर्ण मोफत, २६ ऑगस्ट २०२२ पासून.

- ८५ वर्षे : निवडणुकीत घरूनच मतदान करता येतं. त्यासाठी गावच्या बीएलओकडे वेळेत १२-डी अर्ज भरून द्यावा लागतो.

रेल्वेच्या तिकिटात ज्येष्ठांना मिळणारी सूट मात्र मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद झाली. अकोला किंवा बडनेऱ्याहून गाडीत बसणाऱ्यानं तो हिशेब आधीच करून ठेवावा.

पासष्टीला पडणारी फट

या यादीतली एक गोष्ट बायांसाठी फार महत्त्वाची आहे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २१ ते ६५ वयापर्यंतच मिळतात. पासष्टी ओलांडली की हा हप्ता बंद होतो. तेवढीच रक्कम पुढे श्रावणबाळमधून मिळू शकते, पण ती आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी तहसीलला नवा अर्ज करावा लागतो.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीत आहे. लाडकी बहीणला वर्षाला अडीच लाखांची मर्यादा आहे, श्रावणबाळला २१ हजारांची. २१ हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. ज्या घराचं उत्पन्न लाखभर आहे, त्या घरातल्या माउलीला चौसष्टाव्या वर्षी पैसे मिळतात आणि पासष्टीनंतर दोन्हीकडून काहीच मिळत नाही. हात थकले, निंदण-वेचणीला जाणं बंद झालं, नेमके तेव्हाच. म्हणून आईची पासष्टी जवळ आली असेल तर घरच्यांनी आधीच हिशेब करावा. ती श्रावणबाळमध्ये बसत असेल तर उत्पन्नाचा दाखला, राशनकार्ड आणि वयाचा पुरावा तयार ठेवावा. बसत नसेल तर तिच्या औषधाचे पैसे कुठून येतील, हे घरानंच ठरवावं.

अंगठा उठत नाही, तारीख जुळत नाही

वर्षानुवर्षं कापूस वेचून, विळा-खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजतात. वयानं कातडीही पातळ होते. मग राशन दुकानात किंवा बँक मित्राकडे अंगठा उठत नाही. अशा वेळी माणसानं रिकाम्या हातानं परत येऊ नये. डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय आहे का, हे विचारावं. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं द्यावेत. आणि अंगठा दोनदा घेतला तर पावती मागावी, पासबुक भरून पाहावं.

दुसरी गडबड जन्मतारखेची. अनेकांच्या आधारवर अंदाजानं १ जानेवारी टाकलेली आहे. वय चार-पाच वर्षांनी कमी लागलं असेल तर श्रावणबाळही उशिरा आणि एसटीची सवलतही उशिरा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईत चुकीची तारीख पुन्हा टाकू नये. शाळा सोडल्याचा दाखला शोधावा, नाहीच सापडला तर तहसीलच्या रेकॉर्डमधून कोतवाल बुकाची नक्कल काढता येते का, ते पाहावं. कोणता पुरावा चालेल, हे केंद्रावर आधी विचारून घ्यावं.

मोबाईलचंही तसंच. बँकेचा मेसेज नातवाच्या नंबरवर जातो आणि खात्यातून काय गेलं, ते खातेदारालाच माहीत नसतं. साधा फोन का असेना, नंबर स्वतःच्या नावाचा असावा. ओटीपी कुणालाच सांगू नये. "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" असा फोन आला तर तो ठगाचाच असतो, अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

वावर कुणाच्या नावावर?

म्हातारपणाचा सगळ्यात मोठा निर्णय हा आहे. रक्ताच्या नात्यात शेती किंवा राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये लागतं, इतर फी वेगळी. स्वस्त आहे म्हणून अनेक कास्तकार साठीतच सगळं वावर पोरांच्या नावे करून मोकळे होतात. पोरं चांगली असतील तर काही बिघडत नाही. पण घरात एकदा वाजलं की सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाचं ऐकतं कोण?

पैशाचंही नुकसान होतं. जमीन नावावरून गेली की पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० रुपये बुढ्याला मिळणं थांबतं. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला पीएम किसानच्या नियमात साधारणपणे जागा नाही, अपवाद वारसानं आलेल्या जमिनीचा. म्हणजे बापाचे बंद आणि पोराचेही सुरू नाहीत, असं होऊ शकतं.

बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्राचा रस्ता आहे. त्यात जमीन मरेपर्यंत स्वतःच्याच नावावर राहते आणि मन बदललं तर कागदही बदलता येतो. त्याला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार पाहिजेत, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे लोक घेतलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र होतं. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राच्या मर्यादा वेगळ्या आहेत, तिथं जाणकाराचा सल्ला घ्यावा.

पोरांमध्ये वाटणी करायचीच असेल तर बुढा-बुढीनं स्वतःचा हिस्सा राखून करावी. बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द कागदात लिहून घ्यावेत. त्या एका ओळीचं मोल पुढे कळतं.

पोरं सांभाळत नसतील तर

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा कायदा २००७ साली झाला. ज्यांचं स्वतःच्या कमाईत भागत नाही असे आई-वडील मुलगा, मुलगी, सज्ञान नातू किंवा नात यांच्याकडून पोटगी मागू शकतात. मुलबाळ नसेल तर ज्याला त्यांची मालमत्ता मिळणार आहे, त्या नातेवाइकाकडून मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एसडीओ साहेबांकडे करायचा. वकिलाची गरज नाही. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी ठरू शकते. ज्येष्ठ माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

याच कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळवता येते. मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २ जानेवारी २०२५ रोजी मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि ताबाही परत द्यायला सांगितलं. त्याआधी २०२२च्या एका निकालात मात्र अशी अट होती हे दिसलं पाहिजे, असं कोर्टानं म्हटलं होतं. म्हणूनच वरची ती ओळ लिहून घ्यायची. घरात मारहाण, उपासमार, छळ होत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

कायद्यानं पोटगी मिळते, पण माया मिळत नाही, हे खरं आहे. तरीही अर्ज करणाऱ्या बुढ्याला गावानं नावं ठेवू नयेत. तो भीक मागत नाही.

आणि वऱ्हाडात अशीही घरं आहेत, जिथं सांभाळणारा मुलगाच राहिला नाही. कर्त्या कास्तकारानं जीव दिला आणि सत्तरीतल्या बापावर पुन्हा नांगर धरायची वेळ आली. मेळघाटात होळीनंतर कोरकू कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात आणि धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर म्हातारे अन् लेकरंच मागे उरतात. बँक दूर, रेंज नाही. अशा घरांत कागद करून देणारा एक शिकलेला पोरगा मोठं काम करू शकतो.

हात चालू तोवर

अमरावती जिल्ह्यानंच म्हातारपणाचे दोन धडे दिले आहेत. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा ऐंशी वर्षं जगले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच गेले. शेवटपर्यंत ते फिरते होते. पण त्यांच्या हयातीतच, १९५२ साली, धर्मशाळा आणि इतर कामं चालवण्यासाठी मिशन स्थापन झालं होतं. हात चालू असतानाच मागची सोय कागदावर आली होती.

दुसरे अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. अनाथ, दिव्यांग लेकरांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. अठरा वर्षांनंतरही या मुलांना आश्रमातच राहता यावं, यासाठी ते भांडत राहिले. आपल्यामागे काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही.

घरोघरी एवढं मोठं काम नसतं. पण नातवाला शाळेत पोचवणं, ढोरांकडे पाहणं, पारावरच्या बैठकीत जाणं, भजनाला बसणं, यानं माणूस टिकतो. "आता तुम्ही बसा" म्हणून सगळी कामं काढून घेतली की बुढा लवकर खचतो.

ज्यांच्या हातात हा फोन आहे, त्यांनी येत्या रविवारी घरच्या आई-आबाजीजवळ बसून पाच गोष्टी पाहाव्यात : आधारवरची जन्मतारीख, बँक खात्याला जोडलेला नंबर, सत्तरीपुढे असतील तर वय वंदना कार्ड, बीपी-शुगरची शेवटची तपासणी आणि सातबारा. अर्धा-एक तास लागेल. आणि ज्याचं स्वतःचं वय चाळीसच्या आत आहे, जमीन दोन हेक्टरपर्यंत आहे, त्यानं पीएम किसान मानधन योजनाही विचारून घ्यावी. त्यात वयाप्रमाणे महिन्याला ५५ ते २०० रुपये भरले की साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये पेन्शन मिळते. आज आबाजीचा अंगठा उठत नाही म्हणून वैतागणाऱ्याचाही अंगठा एक दिवस झिजणारच आहे.